पायडल न दाबताही प्रेस खाली येते, ती कशी?

दरवर्षी ४ मार्चला छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा भागातल्या कंपन्यांच्या गेटवर बॅनर लागतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्याला जोडून आठवडाभर शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि हेल्मेट घालून फोटो. मग वर्षात केव्हातरी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, ‘प्रेस मशीनमध्ये हात सापडून कामगाराची बोटे तुटली’. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं यंत्र. बातमीतलं कारण ठरलेलं असतं. कामगाराचं लक्ष नव्हतं.

घाटीत (सरकारी रुग्णालयात) किंवा खासगी दवाखान्यात पडलेला तो कामगार मात्र वेगळंच सांगत असतो. “साहेब, मी पायडल दाबलंच नव्हतं. जॉब काढत होतो, तेवढ्यात प्रेस आली.” जॉब म्हणजे प्रेसखालचा पत्र्याचा तुकडा. नातेवाईक मान डोलावतात, सुपरवायझर मनातल्या मनात हसतो. पायडल दाबल्याशिवाय प्रेस येईल कशी?

येते. ती कशी येते, हे समजलं की प्रेस शॉपमधल्या सुरक्षेचा बराचसा गुंता सुटतो. कोणतं ट्रेनिंग कामाचं आणि कोणतं फायलीत लावायला, हेही त्यावरून कळतं.

प्रेस चालते कशी

वाळूजला ऐंशीच्या दशकात दुचाकीचा मोठा कारखाना आला आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी-मोठी वर्कशॉप उभी राहिली. गाडीतला ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर, चेन कव्हर असा पत्र्याचा जवळजवळ प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या प्रेसखालून गेलेला असतो. कूलर आणि लोखंडी कपाटं बनवणाऱ्या शेडमध्येही हेच मशीन दिसतं.

मशीन साधं आहे. बाजूला जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. मोटर हे चाक सतत फिरवत ठेवते. चाक क्रँकशी, म्हणजे वाकड्या दांड्याशी, जोडलं गेलं की क्रँक फिरतो आणि त्याला लटकलेला जड ठोकळा, म्हणजे रॅम, खाली येऊन वर जातो. रॅमला पंच, म्हणजे वरचा साचा, बसवलेला असतो; खाली टेबलावर डाय, म्हणजे खालचा साचा, असते. मधे पत्रा ठेवायचा. एकदा खाली-वर झालं की एक स्ट्रोक.

चाक आणि क्रँक यांना जोडणारा आणि तोडणारा भाग म्हणजे क्लच. ऑपरेटरच्या बोटांचं भवितव्य या एका भागावर अवलंबून आहे, आणि सुरक्षेच्या बहुतेक भाषणांत त्याचं नावही निघत नाही.

चावीची प्रेस आणि हवेची प्रेस

छोट्या शेडमधल्या जुन्या प्रेसना बहुधा की-क्लच असतो. क्रँकच्या आत एक अर्धगोल चावी असते. पायडल दाबलं की अडवणारी लॅच बाजूला होते, स्प्रिंग त्या चावीला फिरवते आणि चावी फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते. आता चाक आणि क्रँक एक झाले. एक फेरी पूर्ण होऊन रॅम वर पोचला की लॅच चावीची शेपटी पकडून तिला खाचेतून बाहेर काढते, आणि ब्रेकचा पट्टा क्रँकला वरच धरून ठेवतो.

दुसरा प्रकार हवेच्या क्लचचा. यात हवेच्या दाबाने क्लचच्या प्लेटी एकमेकींवर दाबल्या जातात. हवा सोडली की स्प्रिंगचा ब्रेक लागतो.

आडात पोहरा सोडताना दोर हातातून सुटला, तर पोहरा पाण्यावर आपटेपर्यंत कुणाच्या बापाला थांबत नाही. दोर मुठीत धरून सोडला, तर पाहिजे तिथं अडवता येतो. चावीची प्रेस म्हणजे सुटलेला दोर, हवेची प्रेस म्हणजे मुठीतला दोर. चावी एकदा खाचेत बसली की पूर्ण फेरी होणारच. मधे कुणी ओरडलं, लाल बटण दाबलं किंवा वीज गेली तरी रॅम खाली येऊनच वर जाणार.

डबल स्ट्रोक

आता त्या कामगाराच्या जबाबाकडे वळू. एकदा पायडल दाबल्यावर प्रेसने आपणहून दुसरा स्ट्रोक मारणं, याला शॉपमध्ये ‘डबल स्ट्रोक’ किंवा ‘प्रेस डबल मारते’ म्हणतात. पहिला स्ट्रोक झाल्यावर ऑपरेटरचा हात तयार झालेला जॉब काढायला आत गेलेला असतो. नेमकी त्याच क्षणी दुसरी फेरी येते.

याची कारणं अगदी ठरलेली आहेत. चावीच्या किंवा खाचेच्या कडा झिजून गोल झालेल्या. लॅचचं टोक झिजलेलं किंवा तिला परत आणणारी स्प्रिंग ढिली, त्यामुळे चावीची शेपटी पकडलीच जात नाही. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गळलेलं किंवा त्याचा बोल्ट सैल, त्यामुळे क्रँक वर थांबण्याऐवजी रॅम आणि पंचाच्या वजनाने पुढं घसरतो. शेवटचं कारण ऐकून अनेक मालकांना आश्चर्य वाटतं. फ्लायव्हीलच्या आतल्या बुशला, म्हणजे ज्या नळीवर चाक फिरतं तिला, ग्रीस मिळालं नाही, तर ते तापून क्रँकला चिकटतं. मग क्लच सुटलेला असला तरी चाक क्रँकला ओढत नेतं.

पाय उचलायला उशीर झाला तरीही दुसरा स्ट्रोक येतो. त्यासाठी सिंगल स्ट्रोक अटॅचमेंट नावाची जोडणी असते. प्रत्येक स्ट्रोकनंतर ती पायडलचा दांडा सोडवते आणि पाय उचलून पुन्हा दाबल्याशिवाय पुढचा स्ट्रोक येऊ देत नाही. बऱ्याच ठिकाणी ती काढून कोपऱ्यात टाकलेली आढळते, कारण तिच्यामुळे पाय दाबून धरून भराभर स्ट्रोक मारता येत नाहीत.

प्रेस बहुतेक वेळा आधी इशारा देते. आदल्या दिवशी एखादा रिकामा डबल स्ट्रोक पडलेला असतो. रॅम वर थांबताना थोडा पुढं सरकतो, ‘टक’ असा नेहमीपेक्षा वेगळा आवाज येतो, पायडल लुळं वाटतं. ऑपरेटर म्हणतो, थोडक्यात वाचलो, आणि कामाला लागतो. त्या एका वाक्याची नोंद झाली असती आणि प्रेस तिथंच बंद पडली असती, तर बोटं वाचली असती.

यावरची तपासणी दोन मिनिटांची आहे. क्रँकच्या टोकावर आणि बॉडीवर समोरासमोर रंगाची रेघ मारायची. शिफ्ट सुरू होताना हात लांब ठेवून दहा रिकामे स्ट्रोक मारायचे. दर वेळी रेघ रेघेसमोर थांबली पाहिजे. ती पुढं जाऊ लागली तर ब्रेक, लॅच आणि चावी उघडून पाहिल्याशिवाय त्या प्रेसवर कुणाला बसवायचं नाही.

मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली का?

नाही. हा गैरसमज डाय सेटर (डाय बसवणारा, बदलणारा) आणि मेंटेनन्सवाल्यांना जास्त नडतो. बटण दाबून मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, मोठ्या प्रेसचं तर काही मिनिटं. त्या काळात कुणाचा पाय पायडलवर पडला, वरून स्पॅनर पडला, तर एक पूर्ण ताकदीचा स्ट्रोक शिल्लक असतो.

डाय बदलताना किंवा अडकलेला जॉब काढताना क्रम असा. मोटर बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि ते थांबलंय हे डोळ्यांनी बघा. मेन स्विचला कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. हवेची प्रेस असेल तर हवेचा व्हॉल्व्ह बंद करून साठलेली हवा सोडा. मग रॅम आणि टेबल यांच्यामध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करा, म्हणजे रॅमचं वजन पेलणारा धातूचा ठोकळा. ब्रेक सैल असेल तर मोटर बंद असतानाही रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून नुसतं कुलूप पुरत नाही.

ब्लॉकच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. तो आत विसरून कुणी मोटर सुरू केली तर प्रेसची बॉडी तडकू शकते आणि ब्लॉक उडून लागू शकतो. म्हणून चांगल्या ब्लॉकला साखळीने एक प्लग जोडलेला असतो. ब्लॉक आत ठेवायला प्लग काढावाच लागतो, आणि प्लग काढला की मोटरचं सर्किट तुटतं. लाकडाचा ओंडका लावून काम भागवणं हा निव्वळ जुगार आहे.

“आम्ही सेन्सर बसवलाय”

वाळूजच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये सुरक्षेचा विषय काढा, हे वाक्य ऐकायला मिळतं. सेन्सर म्हणजे लाइट कर्टन. दोन खांब आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात पडद्यात शिरला की प्रेसला थांबण्याचा आदेश जातो.

पण आदेश पाळता आला पाहिजे ना! चावीच्या प्रेसला अर्ध्यात थांबताच येत नाही. तिच्यावर लावलेला लाइट कर्टन फार तर नवा स्ट्रोक सुरू होऊ देणार नाही. सुरू झालेला स्ट्रोक किंवा चावी बिघडून आलेला डबल स्ट्रोक तो अडवू शकत नाही. म्हणजे ज्या अपघातासाठी पैसे घातले, त्याच अपघाताला तो बिनकामाचा. शिवाय ‘सेन्सर आहे’ म्हणून ऑपरेटर जास्त निर्धास्तपणे हात घालतो. चावीच्या प्रेसवरचा सेन्सर हा माझ्या मते नुसता निरुपयोगी नाही, तो घातक आहे.

हवेच्या प्रेसवर तो उत्तम काम करतो, पण योग्य अंतरावर बसवला तर. प्रेसला थांबायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हात पुढं सरकत असतो. आंतरराष्ट्रीय मानकात जवळून आत जाणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. हात पडद्यात शिरल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर पडदा डायपासून किमान ४०० मिलिमीटर दूर हवा. हा हिशोब १४ मिलिमीटरची वस्तू ओळखणाऱ्या बारीक पडद्याचा आहे. किरणं विरळ असतील तर अंतर आणखी वाढतं. ब्रेकचं लायनिंग झिजून थांबण्याचा वेळ ०.२५ सेकंद झाला की तोच पडदा ५०० मिलिमीटरवर न्यावा लागतो. पडदा कुणी हलवलेला नसतो, दिवा हिरवा असतो, आणि तरीही संरक्षण संपलेलं असतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजावा लागतो. त्यासाठी स्टॉप टाइम मीटर मिळतो.

हवेच्या क्लचचा व्हॉल्व्हही पाहा. त्यात एकाच शरीरात दोन व्हॉल्व्ह असलेला डबल व्हॉल्व्ह हवा. एक अडकला तरी दुसरा हवा सोडून देतो. स्वस्तातल्या कामात साधा एकच व्हॉल्व्ह लावतात. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी आणि गंज त्यात साचतो, तो उघडाच अडकतो आणि हवेची प्रेसही डबल मारू लागते. फिल्टरच्या वाटीतलं पाणी रोज सोडणं हे त्यामुळेच सुरक्षेचं काम आहे.

“दोन बटणं लावली की हात बाहेरच राहणार ना?”

ऐकायला बरोबर वाटतं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस चालणारच नाही, मग हात आत कसा जाईल?

हवेच्या प्रेसवर हे चालतं, पण अटींवर. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, रॅम खाली येईपर्यंत दाबून धरावी लागली पाहिजेत, आणि एक बटण सोडलं की रॅम थांबला पाहिजे. एका बटणात काडी खुपसून किंवा चिकटपट्टी लावून एका हाताने काम करता येत असेल, तर ती नुसती शोभा.

चावीच्या प्रेसवर हिशोबच वेगळा होतो. समजा, प्रेस मिनिटाला ५० स्ट्रोक मारते. एका फेरीला १.२ सेकंद. फ्लायव्हीलला एकच खाच असेल आणि बटण दाबलं त्या क्षणी ती खाच नुकतीच पुढं गेली असेल, तर ती परत येईपर्यंत एक पूर्ण फेरी जाणार. त्यानंतर रॅम खाली यायला अर्धी फेरी. एकूण दीड फेरी, म्हणजे १.८ सेकंद. अमेरिकेतल्या प्रेसच्या नियमांत या हिशोबासाठी हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. गुणाकार केला तर बटणं डायपासून जवळजवळ २.९ मीटर लांब हवीत! चार खाचा असतील तरी १.४४ मीटर. आपल्याकडे ती बटणं फुटा-दीड फुटावर बसवलेली असतात. बटण दाबून, हात काढून, वाकडा बसलेला जॉब सरळ करायला वेळच वेळ मिळतो, आणि नेमकं तेच घडतं.

शिवाय दोन बटणं फक्त दाबणाऱ्याचे हात सांभाळतात. शेजारी उभा राहून जॉब लावणाऱ्या हेल्परचे हात उघडेच. एका प्रेसवर दोन माणसं असतील तर बटणांचे दोन संच हवेत.

मग जुन्या प्रेसचं करायचं काय?

भंगारात काढा, असं सांगणं सोपं आहे. छोट्या मालकाला ते लगेच परवडत नाही, हेही खरं. पण चावीच्या प्रेसवर एक उपाय खात्रीने लागू पडतो. बोट डायपर्यंत पोचूच द्यायचं नाही.

डायभोवती पक्का गार्ड बसवायचा. जाळीचा, पट्ट्यांचा किंवा पॉलिकार्बोनेटचा. पत्रा आत सरकवायला फट लागते, पण ती किती रुंद आणि धोक्याच्या जागेपासून किती लांब, याचं गणित ठरलेलं आहे. फट ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती डायपासून किमान १० मिलिमीटर लांब हवी. ८ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला २०, १० मिलिमीटरपर्यंत ८०, १२ पर्यंत १०० आणि २० मिलिमीटरपर्यंतच्या फटीला १२० मिलिमीटर अंतर. जेवढी रुंद फट, तेवढं बोट आत जाणार, म्हणून तेवढं अंतर. पट्टीतून वॉशर पाडण्यासारख्या कामाला असा गार्ड सहज बसतो आणि उत्पादनाला धक्काही लागत नाही.

अडचण येते ती दुसऱ्या टप्प्याच्या कामात. आधी कापलेला एकेक तुकडा डायमध्ये ठेवायचा, वाकवायचा, काढायचा. हात आत जातो तो इथं. मिनिटाला आठ पीस धरले तरी सात तासांत ३,३६० वेळा हात आत-बाहेर होणार. इतक्या वेळा माणसाने एकदाही चुकू नये, अशी अपेक्षा ठेवणारी पद्धतच मुळात चुकीची आहे.

इथं डायमध्येच बदल करावा लागतो. तुकडा बाहेरून ढकलला की जागेवर बसेल अशी घसरती खाच करायची. किंवा डायचा खालचा भाग ड्रॉवरसारखा बाहेर ओढून जॉब ठेवायचा आणि आत सरकवायचा. तयार जॉब हवेच्या झोताने किंवा नॉकआउटने (जॉब ढकलून काढणाऱ्या दांड्याने) बाहेर पडू द्यायचा. स्ट्रोक कमी करून पंच आणि डायमधली उघडी जागाच ६ मिलिमीटरच्या आत आणता आली तर उत्तमच. हे सगळं टूलरूममधल्या माणसाला अवघड नाही, फक्त नवी डाय बनवतानाच सांगावं लागतं.

यातलं काहीच जमत नसेल तेव्हा चिमटा, लोहचुंबक, सक्शन कप. चुंबक ॲल्युमिनियमला चालत नाही, तिथं सक्शन. चिमटा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा घ्यावा, म्हणजे तो आत राहिला तरी चिमटाच चेपतो, डाय फुटत नाही. डाय फुटायची भीती असली की सुपरवायझर ‘चिमटा नको, हातानेच काढ’ म्हणतो, हे शॉपमधलं वास्तव आहे. मात्र चिमटा म्हणजे गार्ड नव्हे. तो इतर उपायांच्या जोडीला हवा.

पायडलवर वरून आणि बाजूंनी झाकण हवंच. पत्र्याचं ते झाकण कुठल्याही शेडमध्ये वेल्डिंगवाला तासाभरात बनवून देईल.

ट्रेनिंग म्हणजे सही नव्हे

अनेक कंपन्यांत पहिल्या दिवशी एका खोलीत बसवून स्लाइड दाखवतात, शेवटी हजेरीपत्रकावर सही. स्लाइडवर ‘सुरक्षित काम करा’, ‘पीपीई वापरा’. पीपीई म्हणजे हातमोजे, गॉगल, बूट वगैरे अंगावरची साधनं. पत्र्याच्या धारेने कापू नये म्हणून हातमोजे ठीक, पण पंचाखाली आलेल्या बोटाला मोज्याचा काय उपयोग?

प्रेसवरचं ट्रेनिंग प्रेससमोरच व्हायला हवं, मशीन बंद ठेवून. आपली प्रेस चावीची की हवेची, हे ऑपरेटरला सांगता आलं पाहिजे. लॅच कुठं, ब्रेकचा पट्टा कुठं, रेघ कुठं, हे त्याने बोट दाखवून सांगावं. जॉब अडकला तर काय करशील, असं विचारून त्याच्याकडून ते करून घ्यावं. पाय पायडलवरून काढणं, मोटर बंद, चाक थांबेपर्यंत थांबणं, मग साधनाने जॉब काढणं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘करून दाखव’ म्हटलं की खरं कळतं. पोरगं बिहारचं असेल तर हिंदीत, भोकरदनचं असेल तर मराठीत. इंग्रजी पोस्टर भिंत झाकायला बरं.

डाय सेटरचं ट्रेनिंग वेगळं, कारण त्याचा धोका वेगळा. सुपरवायझरला आणखी वेगळं. डबल स्ट्रोकची तक्रार आली की प्रेस बंद करण्याचा अधिकार त्याला आहे आणि त्यासाठी त्याला कुणी बोलणार नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगावं लागतं. हे सांगितलेलं नसेल, तर बाकीचं ट्रेनिंग वाया गेलं समजा.

मराठवाड्यात यात एक हंगामी भगदाड आहे. जूनमध्ये पेरणी आली, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आली, पोळा आला, लग्नसराई आली की बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडचे गडी गावाकडं जातात. शिपमेंट मात्र थांबत नाही. मग सकाळी माल उचलायला लावलेल्या हेल्परला दुपारी प्रेसवर बसवतात, ‘बघत होतास ना, तसंच कर’ म्हणून. ठेकेदाराने कालच वाळूजजवळच्या रांजणगावातून किंवा जोगेश्वरीतून आणलेलं पोरगं असतं ते. प्रत्येक प्रेसवर, ती चालवायला कोणकोण पात्र आहेत त्यांची नावं लिहिलेली पाटी लावा. पाटीवर नाव नसलेल्याने प्रेसला हात लावायचा नाही. पेरणीच्या आधी मे महिन्यातच दोन-चार जादा माणसं तयार करून ठेवली तर ही पाटी पाळता येते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती खोटी पडते.

“कामगारच गार्ड काढून टाकतात, आम्ही काय करणार?”

काढतात, हे खरं. पण का काढतात, ते विचारा. गार्ड असा बसवलेला असतो की जॉब दिसत नाही, किंवा दर वेळी डाय साफ करायला चार बोल्ट खोलावे लागतात. वर टार्गेट मात्र गार्ड नसतानाच्या वेगावर ठरवलेलं. पीसमागे पैसे मिळत असतील, तर गार्ड ठेवणं म्हणजे मजुरीला कात्री. आरपार दिसणारा, बिजागरीवर उघडणारा आणि उघडताच प्रेस बंद पडेल असं इंटरलॉक असलेला गार्ड लावा, टार्गेट त्यासह मोजा. मग काढणारे फारसे उरत नाहीत. तरीही कुणी काढला, तर तो काढलेला असताना शिफ्टभर प्रेस चालली कशी, हा प्रश्न सुपरवायझरला विचारायचा.

“उत्पादन घटेल” हा दुसरा आक्षेप. ड्रॉवर डाय किंवा हवेच्या झोताचं काढणं नीट बसवलं तर ताल उलट सुधारतो, कारण हात जपून घालण्याचा प्रश्नच राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा कारखाने कायदा तिच्यात सामावला गेला. जुन्या कायद्याच्या कलम २१ मध्ये यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची जबाबदारी थेट मालकावर होती, आणि १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १११-अ मध्ये प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदवला होता. नव्या संहितेतही सुरक्षित जागा, माहिती आणि प्रशिक्षण देणं हे मालकाचंच कर्तव्य आहे.

मात्र विजेवर चालणाऱ्या ठिकाणी आता २० कामगार असतील तरच त्याला कारखाना म्हणतात. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती तर सर्वसाधारण कारखान्यात ५०० कामगारांपासून. बोटं जातात ती बहुधा दहा-पंधरा जणांच्या शेडमध्ये. तिथं सुरक्षा अधिकारी नसतो, तपासणीला येणारे क्वचित. त्या शेडकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस मात्र क्वालिटी बघायला नेमाने येतो. पीसचा बर (कडेला राहिलेली खरखरीत धार) मोजणाऱ्या त्या माणसाने प्रेसवर गार्ड आहे की नाही हेही बघितलं, तर कुठल्याही कलमापेक्षा लवकर फरक पडेल.

हात सापडलाच तर

आधी प्रेस बंद करा आणि चाक थांबू द्या. घाईत पायडल दाबून रॅम वर नेऊ नका, कारण वर जाण्याआधी तो आणखी खाली येऊ शकतो. चाक थांबल्यावर डाय सेटरने ते हाताने फिरवून रॅम उचलावा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, ग्रीस, तंबाखू काही लावू नका. तारेने किंवा दोरीने बोट करकचून बांधू नका.

तुटलेला तुकडा शोधा. तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गोठून मरतो, पाण्यात बुडवला तर फुगतो, आणि दोन्ही वेळा सर्जनच्या हातात काही राहत नाही. तुकडा रुग्णाबरोबरच पाठवा.

दवाखान्यातल्या कागदावर ‘कामावर असताना, प्रेस मशीनवर’ असं लिहून घ्या. ‘घरी पडला’, ‘गाडीवरून पडला’ असं सांगायचा आग्रह कुणी करत असेल तर ऐकू नका, कारण पुढची भरपाई त्या एका ओळीवर ठरते. कंपनीच्या अपघात वहीत नोंद झाली का, तेही पाहा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर उपचार मोफत, आणि बरं होईपर्यंतच्या रजेत सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर त्याची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात ठरलेली आहे. पूर्ण अंगठा गेला तर ३०, पूर्ण तर्जनी १४, एका हाताची चारही बोटं ५०. ही टक्केवारी कमावण्याच्या क्षमतेत झालेल्या घटीची, आणि तिच्यावरून दरमहाची रक्कम ठरते.

ईएसआयची नोंदणी अपघाताच्या दिवशी धावपळ करून झाली, असे वाद नेहमी होतात. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराकडून विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड मागून घ्या आणि त्यावर रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का, ते तपासा.